जमिनीपासून वीस इंच

“फळी किती उंच आहे?”

दुकानातल्या पोराने हा प्रश्न अगदी सहज विचारला. चहात साखर चालते ना, इतक्या सहज. मी हातातली दोनशे पानी वही चाळायला लागलो. होडीच्या मागे अडकवायचं लहान इंजिन, ज्याला आमच्याकडे कोणी ओबीएम म्हणतं तर कोणी नुसतंच मशीन, त्याविषयी माणसाला जे जे ठाऊक असू शकतं ते सगळं दोन महिने खपून मी त्या वहीत उतरवलं होतं. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांचे समोरासमोर रकाने होते. वजन, अश्वशक्ती, तेलाचं प्रमाण, सगळं होतं. लाल शाईने अधोरेखित केलेले धोक्याचे मुद्दे होते. फळी मात्र कुठेच नव्हती.

“कुठली फळी?” मी विचारलं.

पोराने गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिलं. मालकाने पंख्याकडे पाहिलं.

मी बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं फारसं समजावून सांगावं लागणार नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी कोकणातल्या शाखांत काढली. मच्छीमारांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून जात. ‘होडीचे इंजिन, एक नग’ या ओळीखाली मी इतक्या सह्या केल्या, की इंजिनातलं आपल्याला कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. जन्मभर लग्नपत्रिका छापणाऱ्याला संसारातलं कळतं म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. इतक्या इंजिनांना मी मंजुरी दिली, पण त्यातलं एकही कधी हात लावून पाहिलं नव्हतं. कोटेशनला तेल लागत नाही आणि ते दोरी ओढून चालूही करावं लागत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही देवबागला आलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर आमचं घर. अशा जागी राहून होडी नाही म्हणजे पुण्यात राहून मत नाही. तेव्हा एका नातेवाइकाची सोळा फुटी फायबरची होडी मी घेतली. पहिलं वर्षभर वल्ही मारली. मारली म्हणजे पाण्याला मारली. होडीला त्यातलं फारसं काही पोचत नसे. एकदा सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असताना मी अर्धा तास जीव खाऊन वल्हवलं आणि मान वर केली, तर किनाऱ्यावरचा तोच वाकडा माड समोर उभा. माडाखाली तात्या जाळं सांधत बसले होते. सत्तरी उलटलेले, पण खाडीतली प्रत्येक वाळूची पुळण नावानिशी ओळखणारे.

“सायबानू,” ते म्हणाले, “तो माड पळता काय तुमच्यावांगडा?”

इंजिन घ्यायचं ठरलं ते त्या माडापाशी. पण घरात मी वेगळं कारण सांगितलं. मासे ठेवायला मी डब्यात बर्फ नेत असे. मासे मिळेपर्यंत बर्फाचं पाणी होई, आणि पाणी वाया जायला नको म्हणून मी ते डोक्यावर घेई. बर्फाच्या या कारणाला इतिहासाचा आधार होता. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक कारागीर आपल्या प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला होडीच्या इंजिनाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९०९ साली त्याने इंजिनं विकायला काढली. दीड अश्वशक्तीचं, अठ्ठावीस किलोचं धूड. त्याच्याआधीही काहींनी असले प्रयोग केले होते, पण त्यांच्या गोष्टीत आइस्क्रीम नाही. ही कथा मी बायकोला रंगवून सांगितली. ती म्हणाली, “त्याने बायकोसाठी केलं. तुम्ही शेंगाळ्यांसाठी करताय.”

मग वही आली.

पहिलं पान अश्वशक्तीचं. इंजिनं अडीच, पाच, आठ, नऊ पॉइंट नऊ, पंधरा अशा अश्वशक्तींत मिळतात. हा ९.९ म्हणजे बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा आकडा कुठून आला, यावर मी दोन दिवस घालवले. अमेरिकेत पुष्कळ तळ्यांवर दहा अश्वशक्तीची मर्यादा असे, तिच्या आत बसावं म्हणून कारखानदारांनी पॉइंट एकने मान खाली घातली. आमच्या खाडीला असली काही मर्यादा नाही, तरी तिकडचा आकडा इकडेही चालू आहे. किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या होडीला ९.९. मलाही तेच हवं होतं. का, ते मी वहीत लिहिलं नाही.

वहीत त्याच्या उलटच सगळं लिहिलेलं होतं. पाणी कापत जाणाऱ्या, पोट असलेल्या होडीला एक स्वाभाविक वेग असतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं, की नॉटमधला वेग आला. सोळाचं वर्गमूळ चार. चार गुणिले १.३४ म्हणजे ५.३६ नॉट, म्हणजे ताशी साधारण दहा किलोमीटर. त्यापुढे इंजिन कितीही मोठं लावा, होडी आपण उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि पेट्रोल तेवढं पळतं. थोडक्यात, पाच अश्वशक्तीचं इंजिन माझ्या होडीला सायकलच्या वेगाने नेणार होतं आणि ९.९ अश्वशक्तीचंही सायकलच्याच वेगाने नेणार होतं. फक्त ते तासाला चारेक लिटर पेट्रोल पिऊन नेणार होतं. हे गणित मी स्वतः मांडलं, तपासलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटून ९.९ च्या चौकशीला लागलो.

“एक अश्वशक्ती म्हणजे किती हो?” बायकोने एकदा विचारलं.

“सातशे शेहेचाळीस वॅट.” मी न बघता सांगितलं. वहीचा केवढा फायदा!

ती स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर उलटा करून त्याच्या बुडावरची पट्टी वाचून आली. “आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. म्हणजे तुम्ही होडीच्या मागे दहा मिक्सर लावणार.”

त्या दिवसापासून घरात इंजिनाचं नाव मिक्सर पडलं. पाहुण्यांशी बोलतानासुद्धा.

सल्ले फुकट होते, म्हणून भरपूर आले. मेहुणे म्हणाले, घ्यायचंच तर पंधराचं घ्या. त्यांच्याकडे होडी नाही, पाण्याला ते घाबरतात, आणि घाबरणाऱ्या माणसाला नेहमी जास्त ताकदीचं यंत्र हवं असतं. पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, आता सगळं बॅटरीवर आहे, तुम्ही अजून कुठल्या शतकात आहात?” मी त्याला ऐकवलं, की गुस्ताव्ह त्रूव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने विजेवर चालणारं इंजिन १८८१ साली पॅरिसच्या सीन नदीत होडीला लावून चालवलं होतं. तेव्हा शतक कोणाचं मागे आहे ते बघ. भाचा गप्प बसला. माझा मुद्दा काय होता हे मलाही नंतर कळलं नाही. केरोसीनवरच्या इंजिनांचाही एक रकाना होता. ती पेट्रोलवर सुरू करायची, मग केरोसीनवर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची. एवढी शिस्त मला माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाबतीतही जमलेली नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा खरा वाद. टू-स्ट्रोक हलकं, सुटं करायला सोपं, किनाऱ्यावरचं कुठलंही पोर ते पान्याने उघडून देईल. पण पेट्रोलमध्ये तेल मिसळत बसावं लागतं, पन्नासाला एक या हिशेबाने, म्हणजे लिटरला वीस मिली. शिवाय धूर आणि आवाज. फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोल कमी खाणारं, पण जड आणि महाग. यात मी तीन आठवडे हेलकावे खाल्ले. शेवटी निकाल लावला तो बायकोने, आणि वही न उघडता.

“जे तुम्हाला एकट्याला उचलून होडीपर्यंत नेता येईल तेच घ्यायचं,” ती म्हणाली. “हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे, लक्षात आहे ना?”

रंगीत तालीम तांदळाच्या पोत्यावर करायचं ठरलं. नऊ पॉइंट नऊचं फोर-स्ट्रोक इंजिन चाळीस किलोच्या आसपास असतं. पंचवीस किलोच्या उकड्या तांदळाच्या पोत्यावर पंधरा किलो साखर बांधून मी ते उचललं, म्हणजे उचलायचा निश्चय केला. पोतं जागचं हललं नाही. माझा चष्मा मात्र पडला. मग साखर सोडली. नुसतं पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन मी अंगणातून निघालो, माडांतून गेलो, खाडीत गुडघाभर पाण्यात उतरलो, पोतं होडीच्या मागच्या कडेवर टेकवलं, दहा अंक मोजले आणि पुन्हा खांद्यावर घेतलं. सकाळची आठची वेळ. किनारा माणसांनी भरलेला.

“सायबानू,” तात्यांनी विचारलं, “तांदूळ खंय व्हरतास?”

“इंजिन बघतोय,” मी म्हणालो.

तात्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांची सून आमच्याकडे आली आणि साहेबांची तब्येत बरी आहे ना, म्हणून चौकशी करून गेली.

अशा रीतीने पाच अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन ठरलं. वजन पंचवीस-सव्वीस किलो, किंमत एका बऱ्या मोटरसायकलएवढी. ते घ्यायला मी एकटाच पणजीच्या वाटेवरच्या दुकानात गेलो, आणि तिथे तो फळीचा प्रश्न आला.

पोराने मला नीट समजावलं. बँकेत मी लोकांना नियम समजावत असे तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला त्या वेळी कळलं. होडीच्या पाठीमागे जी उभी फळी असते तिच्यावर इंजिन अडकवतात. इंजिनाचा दांडा त्या फळीच्या बेताचा लागतो. पंधरा इंच फळीला आखूड दांडा, वीस इंच फळीला लांब. दांडा आखूड पडला तर पंखा पाण्याच्या वरच्या थराला येऊन हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो. लांब पडला तर उगाच खोल जातो, पाणी अडवतो, आणि उथळ जागी तळाला लागतो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या रेषेत यायला हवी. इतकं सरळ आहे. दोन मिनिटांचं काम, एक टेप लागते.

“मग साधारण किती असेल?” पोराने विचारलं.

मी हाताने दाखवलं. हात आधी गुडघ्याशी होता, मग मांडीशी गेला. मालकाने पंखा बंद केला.

मी घरी फोन लावला. “अगं, ती शिवणाची टेप घे आणि होडीपाशी जा. मागची फळी किती उंच आहे ते मोजून सांग.”

“कुठून मोजू?”

इथे मी थांबायला हवं होतं. पोराला विचारायला हवं होतं. पण दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि अशा वेळी अधिकाऱ्याने ठामपणे बोलायचं असतं, असं माझ्या हाडीमाशी भिनलेलं.

“जमिनीपासून,” मी ठामपणे सांगितलं.

दहा मिनिटांनी फोन आला. “वीस इंच. बरोबर वीस. दोनदा मोजलं.”

“वीस,” मी पोराला सांगितलं.

“नक्की?”

“मिसेसनी दोनदा मोजलंय.”

लांब दांड्याचं इंजिन गाडीत चढलं. फोर-स्ट्रोक इंजिन आडवं नेताना ठरावीक कुशीवरच ठेवावं लागतं, नाहीतर आतलं तेल भलतीकडे जातं. नव्या इंजिनात तर तेल नसतंच, ते आपण भरायचं असतं. ही दोन्ही वाक्यं वहीत होती आणि दोन्ही मी पाळली. सगळ्या प्रकरणात माझ्या हातून बिनचूक झालेलं काम एवढंच, म्हणून नोंदवून ठेवतो.

तारीख होती २८ मे. घरी येऊन इंजिन लाकडी घोडीवर बसवलं, त्याला एक हार घातला, आणि तात्यांना बघायला बोलावलं. तात्यांनी एक प्रदक्षिणा घातली.

“बरा आसा,” ते म्हणाले. “पण सायबानू, एक जूनपासून बंदी नाय काय?”

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. मासे अंडी घालण्याचा काळ, शिवाय खवळलेला दर्या. हे सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. मलाही होतं, कर्जाचे हप्ते आम्ही त्या हिशेबानेच बांधून देत असू. खरी गंमत पुढे आहे. ही बंदी यांत्रिक होड्यांना. वल्ह्याच्या साध्या होडीला ती लागू नाही. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत जून-जुलैतही खाडीत गरी टाकून बसायची मला मुभा होती. मोटरसायकलएवढे पैसे मोजून ती मी स्वतःच घालवली होती.

पुढचे दोन महिने इंजिन बैठकीच्या खोलीत होतं. पावसाची दमट हवा लागू नये म्हणून त्याच्यावर बायकोची जुनी साडी टाकलेली. कोण ही बाई कोपऱ्यात उभी, म्हणून आलेल्या माणसांनी दचकावं. नोंदणीचे कागद मी या काळात पुरे केले. कागदांत मी कुठेही अडखळलो नाही, भरायचे रकाने मला अजून ओळखतात. ‘इंजिनाचा प्रकार’ या रकान्यात मी ‘लांब दांडा’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

नारळीपौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ वाहिले गेले, नारळ लढवण्याच्या पैजा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं उद्घाटन. तांदळाच्या पोत्याची तालीम कामी आली, इंजिन मी स्वतः नेऊन फळीवर बसवलं, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. नारळ फोडला. बायकोने कुंकू लावलं. वीस-पंचवीस माणसं जमली होती. मी दोरी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. चोक ओढला, चोक आत केला. सातव्या झटक्याला शर्टाचं बटण गेलं. अकराव्याला मी पेट्रोलची टाकी तपासली. पंधराव्याला मेहुण्यांनी किनाऱ्यावरून ओरडून सांगितलं, की पंधरा अश्वशक्तीचं घेतलं असतं तर एका झटक्यात झालं असतं. एकोणिसाव्याला मी बसलो. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सुनावणीला आलेल्या थकबाकीदारासारखा बसलो.

तात्या पाण्यातून चालत आले. “लाल दोरी खंय आसा?”

लाल दोरी माझ्या खिशात होती. माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडावं म्हणून एक चिमटा असतो. तो इंजिनाच्या बटणाखाली अडकवायचा आणि त्याची दोरी मनगटाला बांधायची. चिमटा जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. इतकी महत्त्वाची वस्तू हरवू नये म्हणून मी ती पाकिटात घालून, पाकीट रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती. चिमटा लावला. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या.

“आता मुतता काय बगा आदी,” तात्या म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. इंजिनाच्या पाठीमागून पाण्याची एक बारीक धार पडत राहिली पाहिजे, म्हणजे आतली रबरी चक्री थंडाव्याला पाणी ओढते आहे हे कळतं. धार बंद पडली की इंजिन बंद करायचं, नाहीतर ते भाजून निघतं. वहीत यासाठी ‘शीतकरण जलनिर्देशक’ असा शब्द मी योजला होता. तात्यांचा शब्द किनाऱ्यावरच्या एकूण एक माणसाला कळला. आणि धार पडत होती.

मी एक फेरी मारली. नवं इंजिन पहिले दहाएक तास जपून, कमी-जास्त वेगाने चालवायचं असतं, त्यामुळे होडी रेंगाळत होती तरी त्याला कारण होतं. परत आलो तेव्हा तात्या फळीवरून वाकून पाण्यात बघत होते. “पंखो खूप खाली गेलो हो,” ते म्हणाले.

“खोल पाण्यात पकड चांगली बसते,” मी सांगितलं. हे वाक्य वहीतलं नव्हतं. ते मला तिथल्या तिथे सुचलं.

मग आली पंचमी. भरतीचं एक ढोबळ गणित कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी, म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. मी दुपारी पावणेचारला निघालो, एकटा. वल्ही मुद्दाम घरी ठेवली. वल्ही होडीत दिसली की इंजिनावर आपला विश्वास नाही असं इंजिनाला वाटतं. खरं म्हणजे किनाऱ्याला वाटतं.

खाडीच्या मध्यावर पोचलो तोच इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं. टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो, तो निघताना सैल करायचा. नाहीतर पेट्रोल जातं तेवढी हवा आत येत नाही, आणि इंजिन उपाशी मरतं. हे मला बुडालेल्या मनाने दहा मिनिटं विचार केल्यावर आठवलं. स्वतः आठवलं, याचा अभिमान वाटला. स्क्रू फिरवला, पुढे गेलो, नांगर टाकला, गरी सोडली. दीड तासात दोन शेंगाळे आणि एक मुडदुसा. बर्फ अजून बर्फच होता. एव्हिनरूडला मी मनातल्या मनात हात जोडले.

परत निघेपर्यंत सुकती चांगली लागली होती. घराच्या अलीकडे एक पुळण आहे. वर्षभर वल्हवताना तिच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, होडीचं बूड कधी तिला लागलं नव्हतं. आताही लागलं नाही. होडी वरून गेली आणि पंखा खालून.

कर्‌र असा आवाज झाला. मग इंजिन मोठ्याने, अगदी मोकळेपणी ओरडायला लागलं. असल्या लहान इंजिनांच्या पंख्यात एक मऊ धातूची खीळ असते. पंखा कशावर आपटला तर ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. कल्पना फार हुशारीची. इंजिन चालू राहतं, पंखा जागेवर थांबतो आणि माणूस वाहून जातो. वाहून जाणारा होतो मी, आणि वाहत होतो समुद्राकडे. जादा खिळी इंजिनाबरोबर आलेल्या होत्या. त्या हरवू नयेत म्हणून मी कपाटात, वॉरंटी कार्डाच्या पाकिटात ठेवल्या होत्या.

नांगर टाकला. तो धरला, हे नशीब. पाणी कमी होत होतं, ओहोटी सरायला रात्रीचे दहा वाजणार होते, हे गणितही पाऊणपटीनेच निघालं. सूर्य माडांमागे उतरला. शेंगाळे डब्यात आपटत होते. मी त्यांना काही बोललो नाही, तेही मला काही बोलले नाहीत.

साडेसहाच्या सुमाराला तात्या आले, वल्हवत. त्यांच्या स्वतःच्या होडीला ९.९ आहे, पण ते आले त्यांच्या जुन्या लहान होडीतून, वल्ह्यांवर, गरी टाकून परत येताना.

“इंजिन नाही आणलं?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“गरी टाकूक इंजिन कित्याक? मासे काय भैरे आसत?” ते म्हणाले. मग माझी होडी न्याहाळून विचारलं, “वल्ही खंय?”

“घरात.”

“घर वल्हवतलास काय?”

त्यांनी माझ्या होडीला दोर बांधला आणि वल्हवत ओढून नेलं. पाच मिक्सरांची होडी दोन हातांमागून निघाली. वाकड्या माडाखाली आज नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मेहुणेही होते. मी इंजिनावर हात ठेवून, जणू मीच होडी चालवतो आहे, असा बसून राहिलो. मोडलेल्या शाखेचं उद्घाटन करायला आलेल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी फळीला वीत लावली. “दीड वीत नि दोन बोटां,” ते म्हणाले. “पंधरा इंच. वीस कोणी सांगितला?”

बायको तिथेच होती. मे महिन्यात होडी वाळूवर, दोन ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती. ओंडके पाच इंचांचे. “तुम्ही जमिनीपासून म्हणालात,” ती म्हणाली. “मी जमिनीपासून मोजलं. दोनदा.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. खाऱ्या पाण्यात उतरलेलं, खीळ तुटलेलं इंजिन दुकानदाराला बदलून दे म्हणायला तोंडही नव्हतं. तात्यांनीच उपाय सांगितला. फळीच्या डोक्यावर पाच इंच लाकूड चढवायचं, बोल्ट मारायचे, वरून फायबर ओढायचं, की पंखा आपोआप वर येतो.

“सायबानू,” ते जाता जाता म्हणाले, “होडयेक इंजिन घेतलास, की इंजिनाक होडी?”

रविवारी सुतार आला. फणसाचं लाकूड चांगलं मुरलेलं आहे म्हणाला, आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने किती उंची वाढवायची ते विचारलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको आतून टेप, वही आणि पेन घेऊन आली. तीच दोनशे पानी वही, शेवटचं कोरं पान उघडलेली.

“कुठून कुठपर्यंत मोजायचं ते आधी इथे लिहून द्या,” ती म्हणाली. “आणि खाली सही करा.”

मी लिहून दिलं. सही केली. सवयीने तारीखही घातली.